मिलकडच्या तीन खिडक्या

समस्त लातूरकर आणि नांदेडकर नागरिकांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या लातूरच्या घराच्या पश्चिमेकडील तीन लाकडी खिडक्या प्रदीर्घ आजारानंतर, येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पहार व हातोडा यांच्या साक्षीने कालवश झाल्या. त्यांच्या पश्चात भिंतीला तीन भगदाडं, घमेलंभर चुना-माती आणि चौकटीमागे सुखानं नांदणारा पालींचा मोठा परिवार आहे. दुखवटा पाळला जाणार नाही. लाकूड शेजारच्या काकूंनी बंबासाठी नेलं आहे.

हं. आता आवाज खाली आणते. मी नांदेडला शाळेत शिकवते आणि स्नेहसंमेलनाचा माईक गेली कित्येक वर्षं माझ्याच हातात असतो. त्यामुळे मला कुठलीही गोष्ट एकदम सुरू करता येत नाही. आधी पडदा वर जावा लागतो. तर तो गेला आहे असं समजा. रंगमंचावर डाव्या हाताला माझ्या आईवडिलांचं घर, उजव्या हाताला डाळमिल, आणि दोघांच्या मध्ये एक बैलगाडी कशीबशी जाईल एवढा बोळ.

आम्ही लहान होतो तेव्हा ती मिल म्हणजे पत्र्याचा मांडव होता. मग ती वाढत गेली, उंच झाली, तिला पाइप फुटले. आता नवी तूर बाजारात आली की त्या पाइपांतून कोंडा उडतो, पिवळसर, पिठासारखा बारीक, आणि बोळ ओलांडून थेट आमच्या घरात येतो. देवावर बसतो, उशीवर बसतो, चहाच्या सायीवर बसतो. लातुरात डाळीच्या धुळीला सहसा कुणी नावं ठेवत नाही, कारण निम्म्या गावाचं पोट तिच्यावर आहे. माझे वडील, आमचे अप्पा, तर जन्मभर आडत बाजारात धान्याचे व्यापारी. त्यांच्या नाकाला तो कोंडा म्हणजे अत्तर.

पण माझ्या आईला दमा आहे. आणि गेल्या काही वर्षांत तो हंगामाबरोबर येऊ लागला, तुरीसारखाच.

आईचा दमा काय असतो हे कळायचं तर आधी आईचं बोलणं कळायला हवं. आमची आई गल्लीतली नामवंत वक्त्री. अप्पांना रागावणं ही तिची कला होती. ती एकदा सुरू झाली की पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकसंध कापड, मध्ये कुठं जोड नाही, ठिगळ नाही. अप्पा चप्पल घालून आत आले तर ती चपलेपासून निघायची, वाटेत त्यांच्या आत्याला, बुडालेल्या उधारीला आणि स्वतःच्या लग्नात कमी पडलेल्या बुंदीला भेटून परत चपलेवर यायची, तेही एका दमात. अप्पा कोपऱ्यात उभे राहून, विभूती लावलेलं कपाळ खाली घालून, ते सगळं अंगावर घ्यायचे. आम्ही पोरं दाराआडून ऐकायचो. शाळेत मला वक्तृत्वाची बक्षिसं मिळाली त्याचं श्रेय मी कुणाला देत असेन, सांगायला नको.

आणि आता? "अहो... तुमी... पुन्हा..." एवढं म्हणून आई थांबायची. छातीतून बासरी वाजल्यासारखा आवाज यायचा. आम्ही तांब्या पुढे करायचो. दोन घोट, थोडा वेळ, मग "...चपला... घालून..." आणि पुन्हा तांब्या. तोवर अप्पांनी चपला काढून, धुऊन, उन्हात वाळवल्यासुद्धा असायच्या.

एकदा अप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पहिलं कसं, एकदम वाजवून गाजवून पडायचं आन् मोकळं व्हायचं. आता थेंबथेंब पडायलंय. माणसानं भिजावं तरी कसं?"

ते हसत होते. डोळे हसत नव्हते.

डॉक्टरांनी सांगितलं ते सरळ होतं. धूळ थांबवा, नाहीतर माणूस हलवा.

मी म्हणाले, हलवा. नांदेडला माझ्या घरी पूर्वेकडची खोली रिकामी होती, तिला रंगही देऊन झाला होता. आमचे हे तर आईंना गोदावरी दाखवायला रोज नेतो म्हणाले, जे स्वतः रविवारी अंघोळीलासुद्धा उठत नाहीत. पण आई पलंगावर बसून मान हलवत राहिली. "मी... कुठं... जायाची न्हाई."

यामागे नुसता हट्ट नव्हता. मिलच्या मालकाला आमची जागा हवी होती, गोदामासाठी. माणूस वाईट नाही, दर दिवाळीला डाळीची पिशवी पाठवतो आणि पिशवीबरोबर तोच निरोप पाठवतो: घर कधी द्यायचं झालं तर आधी आम्हाला विचारा. आईला पक्कं माहीत होतं, की ती एक हंगाम नांदेडला गेली की अप्पा तिच्यामागे येणार, घराला कुलूप लागणार, आणि पुढच्या हंगामात तिच्या स्वयंपाकघरात तुरीची पोती रचलेली असणार. तिनं त्या घरात सून म्हणून पाऊल टाकलं होतं. ती तिथून स्वतःच्या पायानं उठून जाणार नव्हती.

मग तह झाला. तहाची कलमं मी वाचून दाखवली, उभी राहून. शिवरात्रीपर्यंत, म्हणजे हंगाम भर जोरात असेपर्यंत, घरात धूळ येणार नाही असा बंदोबस्त करायचा. शिवरात्रीला मी येऊन आईचा श्वास बघणार. सुधारला असेल तर आई लातूरला. नसेल तर त्याच दिवशी माझ्याबरोबर नांदेडला, एक शब्द न बोलता.

"एक शब्द... तर..." आई म्हणाली, "तसंबी... जमंना."

अप्पांनी पंचा झटकला. "बंदोबस्ताचं माझ्याकडं लागलं."

इथं अप्पांची थोरवी सांगायला हवी. धान्याचं गोदाम भुंगेऱ्यांपासून राखायचं तर आत औषधाच्या गोळ्या ठेवून ते पूर्ण हवाबंद करावं लागतं. दारं, झरोके, पत्र्याची सांध, सगळं. अप्पांच्या काळात त्यासाठी जुनी वर्तमानपत्रं आणि गव्हाच्या पिठाची खळ असे, आणि गोदाम बंद करण्यात अप्पांचा हात धरणारा आडतीत कुणी नव्हता. इतर व्यापारी त्यांना बोलावून न्यायचे. ते तळहात फिरवून भिंतीतली फट शोधायचे, जसा वैद्य नाडी शोधतो. "फट म्हणजे भुंगेऱ्याचं दार" हे त्यांचं ब्रीदवाक्य. बाजार सोडून बरीच वर्षं झाली, पण ब्रीद सुटलं नव्हतं.

तर अप्पांनी खळ शिजवली. तिन्ही खिडक्यांच्या वाकलेल्या झडपा खिळे मारून बंद केल्या आणि त्यांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या, एकावर एक, आडव्या, उभ्या. खोलीत दिवसा अंधार झाला. आई पलंगावर बसून भिंतीवरच्या जुन्या बातम्या बघत होती.

"मी काय..." ती म्हणाली. तांब्या. "...भुंगेरा... हाय का?"

अप्पांना ते लागलं. पण ते लागण्याआधीच मुंग्यांना खळीचा वास लागला होता. त्या लाल मुंग्या, गव्हाच्या पिठावर पोसलेल्या, ओळीनं आल्या आणि त्यांनी अप्पांची तटबंदी दोन्ही बाजूंनी खाऊन टाकली. मुंग्यांमागे पाली आल्या. आणि जिथं जिथं पट्टी सुटली तिथून कोंडा पहिल्यापेक्षा जोरात, पिचकारीसारखा, आत येऊ लागला.

मी फोनवर म्हणाले, "अप्पा, खिडक्या बदलू. नव्या, सरकत्या, दुहेरी काचेच्या. सगळ्या कडा भरून बंद करणारा माणूस मी नांदेडहून आणते."

अप्पा म्हणाले, "भरतो कशानं?"

"फोम असतो. फेस."

"फेस!" अप्पा म्हणाले. हा शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू मी त्यांच्या गोदामाला साबण लावायला निघाले आहे.

माझ्या शाळेच्या रस्त्यावर खिडक्या बनवणाऱ्याचं दुकान आहे. तिथला मिस्त्री एकदा लातूरला जाऊन मापं घेऊन आला होता. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आख्खं लातूर शेतात जेवायला जातं, त्या दिवशी काम कोण करतं? म्हणून दुसऱ्या दिवशीचा मुहूर्त धरला. पहाटे टेम्पोत खिडक्या उभ्या बांधल्या आणि मी पुढे मिस्त्रीच्या शेजारी बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, आणि एवढ्या वेळात मिस्त्री एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मॅडम, तुम्ही टेन्शन नका घेऊ, मी करून राहिलो ना." अजून काहीही करायला सुरुवात झालेली नव्हती.

घरी पोचलो तर आईनं रात्री नातेवाइकांकडून आलेली येळवशीची भज्जी, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळ, गरम केली होती आणि आंबील गार ठेवली होती. मिस्त्रीनं आधी आंबील प्यायली, मग खिडक्या पाडल्या. शोकवार्ता सुरुवातीला दिलीच आहे.

भगदाडातून मिलचा सगळा आवाज आत आला. आईला आम्ही मागच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. तिकडची खिडकी मिलच्या उलट बाजूला, लिंबाच्या झाडाकडे आहे, ती उघडीच ठेवायची असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मिस्त्रीनं भिंतीच्या कडा ब्रशनं झाडल्या, पाण्यानं ओल्या केल्या. नवी पांढरी चौकट भगदाडात उभी केली, खाली-वर लाकडी पाचरी लावल्या, पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी लावून बघितली, स्क्रू मारले. आणि मग अप्पांनी ते पाहिलं. चौकट आणि भिंतीच्या मध्ये चारी बाजूंनी बोट जाईल एवढी फट होती.

"ओ मिस्त्री," अप्पा म्हणाले, "ही काय खिडकी हाय का चाळणी? माप चुकलं का?"

"नाही सावकार, फट मुद्दाम ठेवून राहिलो."

"मुद्दाम!" अप्पा माझ्याकडे वळले. "बाई, ह्या माणसाला पैसे देऊन बोलावलंस? फट तर आमच्याकडं फुकट हुती."

"सावकार, सिमेंट भरलं तर तडकतं. उन्हाळ्यात चौकट ताणते, थंडीत आवळते. फेस तिच्यासंगं हालतो."

अप्पा स्टूल घेऊन बसले. मिस्त्रीनं डबा हलवला, नळी लावली आणि फटीत फेसाची पिवळट दोरी सोडत गेला. दोरी बघता बघता फुगली. पुरी तेलात फुगावी तशी फुगली, चौकटीच्या बाहेर आली, लोंबू लागली. अप्पांचा चेहरा मी सांगू शकत नाही. जन्मभर खळ शिजवलेला माणूस, आणि इथं एक डबा हलवला की फट आपोआप गिळली जात होती. ते उठले. जवळ गेले. आणि त्यांच्या बोटानं ते केलं जे कुठल्याही बोटानं केलं असतं.

"हात नका लावू सावकार, वो छोडता नहीं!"

उशीर झाला होता. अप्पांचं उजवं बोट फेसात बुडून बाहेर आलं तेव्हा त्यावर एक पिवळा फुगा होता. साबण लावला, निघेना. खोबरेल लावलं, निघेना. शेवटी अप्पा रॉकेलची बाटली शोधायला माळ्यावर चढले आणि तिथूनच ओरडत होते की उद्या विभूती कुठल्या बोटानं लावायची.

तेवढ्या वेळात मिस्त्रीनं सुकलेला फेस पात्यानं सपाट कापला, आतून-बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढली, झडपांना रबर आणि ब्रशाच्या पट्ट्या बसवल्या. आई पुन्हा खोलीत येऊन पलंगावर बसली होती. मिस्त्रीनं तिच्यासमोर बाहेरून काचेवर तांब्याभर पाणी ओतलं. ते खालच्या पन्हाळीत उतरलं आणि चौकटीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या दोन छोट्या भोकांतून टपटप बोळात गेलं.

"बघा अम्मा, पानी ऐसा जातं."

आईनं मान डोलावली. खोलीत तेव्हा फक्त ते दोघं आणि दारात मी, आणि मी काकूंना लाकडाच्या फळ्या उचलून देत होते. अप्पा माळ्यावर. वाचकहो, त्या दोन भोकांवर नजर ठेवा. मी ठेवली नव्हती.

खिडक्या सरकवून बंद झाल्या. खटका बसला. आणि मिल गेली. म्हणजे मिल तिथंच होती, काचेतून दिसत होती, पट्टे फिरत होते, हमाल तोंड उघडून एकमेकांना काहीतरी सांगत होते, पण आवाज नव्हता. आईनं कान पुढे केला. मग हळूच म्हणाली, "मेली का... ती?"

दुसऱ्या दिवशी मी नांदेडला परतले आणि अप्पांचा फोन आला. ते उदबत्ती पेटवून तिन्ही खिडक्यांच्या कडेनं फिरले होते. ही त्यांची गोदामातली जुनी तपासणी: धूर सरळ वर गेला तर सांध बंद, धूर वाकला तर फट. आतून सगळीकडे धूर सरळ. अप्पांना भरून आलं होतं. "बाई, असं गोदाम मी आयुष्यात बघितलं न्हाई."

"ते घर आहे, अप्पा."

"तेच. पण तुझा मिस्त्री हुशार तेवढाच लबाड. बाहेरच्या अंगाला खाली दोन-दोन भोकं तशीच सोडून गेला. तिथं धूर वाकतोय! म्हणलं, एवढं केलंस आन् शेवटाला आळस? त्याचं उरलेलं सिलिकॉन इथं पडलं हुतं. बुजवून टाकली सगळी."

मागून आईचा आवाज आला. "अहो... ती... भोकं..." मग खोकला. मग बराच वेळ खोकला.

"तुझी आईबी तेच म्हणती," अप्पा मला म्हणाले. "भोकं वाईट."

हंगाम भरात आला. तुरीचे ट्रक बोळाच्या तोंडाशी उभे राहू लागले. मी रोज शाळेतून आल्यावर फोन करायचे, आणि रोज तीच अडचण यायची. अप्पांचा भरवसा नव्हता. घराला आग लागली असती तरी ते "एकदम झकास, ऊब हाय" म्हणाले असते. ते खिडक्यांचं धावतं वर्णन करायचे. आज बाहेरच्या काचेवर एवढा थर, आत बोट फिरवलं तर काही नाही. आज देवावर काही नाही. आज सायीवर काही नाही. आईला फोन दिला की ती म्हणायची, "बरी हाय." पुढं काही नाही. दोन शब्दांना काय श्वास लागतो? दोन शब्द तर ती सगळ्यात वाईट दिवसांतही म्हणायची. मी काहीबाही विचारून बघायचे, शेजारणीची चौकशी करायचे, ती फोन अप्पांना परत द्यायची. मला खात्रीच पटत चालली की ती लपवते आहे. मी नांदेडच्या खोलीत पलंग हलवून खिडकीपासून लांब लावला. हिटरची गरज पडेल का, वाफेचं यंत्र कुठं ठेवायचं, सगळं ठरवून टाकलं. मी ठरवलं की ते होतं, असा माझा लौकिक आहे.

शिवरात्रीला मी सकाळच्या बसनं लातूरला उतरले. सोबत रिकामी मोठी बॅग होती, आईच्या साड्यांसाठी. ती मी मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशी पुढच्या खोलीत ठेवली.

मिल त्या दिवशी बंद होती. नळाला पाणी आलं होतं. लातुरात नळाला पाणी येणं म्हणजे काय हे लातूरकराला सांगायला नको आणि इतरांना सांगून पटायचं नाही. आठवड्यातून कधीतरी ते येतं, आणि त्या दिवशी घरातली वाटीसुद्धा भरून ठेवतात. आमच्या आईनं एका वर्षी, टंचाईच्या उन्हाळ्यात, तांदूळ धुतलेल्या पाण्यानं भांडी विसळून ते पाणी तुळशीला घातलं होतं. पाणी सांडणारा माणूस तिच्या लेखी खुनी.

आई पलंगावर बसली होती, धुतलेली साडी, कपाळाला विभूती, उपवास. चेहरा बरा वाटत होता, पण चेहऱ्याचं काय, चेहरा तर तिनं नेहमीच सांभाळला. मी शेजारी बसले. "कशी आहेस?"

तिनं मान हलवली. बरी.

"झोप लागते?"

मान. लागते.

ती परीक्षेला बसली होती आणि तिला ते माहीत होतं. एक वाक्य बोलून मध्येच अडकली तर बॅग भरली जाईल, म्हणून तिनं तोंडच मिटलं होतं. मग मीही माझं ठेवणीतलं काढलं. तिची मुलगी आहे, तिला कुठं डिवचायचं ते मला ठाऊक. मी साबुदाण्याची खिचडी तोंडात घातली आणि म्हणाले, "नांदेडची काकडी घातली असतीस तर चव आली असती." ती हसली. मी म्हणाले, "पुढच्या आळीतल्या मावशी शेंगाचटणी तुझ्यापेक्षा चांगली करतात म्हणे." तिच्या नाकपुड्या हलल्या, पण गप्प. मी तिच्या लग्नातल्या पातळाला जुनाट म्हणाले. मी तिच्या माहेरालासुद्धा हात घातला. ती माझ्याकडे बघून डोळ्यांनी म्हणाली, मी तुला जन्म दिलाय, कार्टे.

मी हरत होते. आणि तिचं गप्प राहणं ही दम्याचीच खूण धरून, बॅगेची चेन उघडायला उठले.

तेवढ्यात बाहेर बोळात अप्पा आले. मी आले म्हणून, आणि मिल बंद म्हणून, त्यांना त्यांचं गोदाम चकाचक दाखवायचं होतं. त्यांनी बोळातल्या नळाला नळी लावली होती. काचेपलीकडून त्यांनी मला हात केला, जसा बँडवाला सुरुवात करण्याआधी करतो, आणि पहिल्या खिडकीवर, आईच्या पलंगाजवळच्या, नळी सोडली.

सुंदर दिसलं. हंगामभराचा कोंडा चिखल होऊन ओघळला, खाली पन्हाळीत गेला आणि तिथं थांबला. पाणी पन्हाळीत वर येऊ लागलं. मी बघत होते आणि मला काही कळत नव्हतं. आईला कळलं. तिनं मान पुढे केली, पन्हाळीकडे बघितलं आणि काचेवर बोटानं टकटक केलं.

खिडक्या इतक्या नेमक्या बसल्या होत्या की अप्पांना ऐकू गेलं नाही. त्यांना फक्त बायको काचेवर बोट ठेवून काहीतरी दाखवते आहे असं दिसलं. म्हणजे, इथं राहिलंय. त्यांनी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला आणि तिथंच, बोटावर, नेम धरून फवारा मारला.

पन्हाळ भरली. आतल्या कडेवरून एक पातळ, पिवळी धार निघाली, भिंतीवरून उतरली, पलंगावर आली आणि आईच्या नव्यानं पिंजून घेतलेल्या गादीत शिरली. आईनं दोन्ही हातांनी काच बडवली. अप्पांनी आनंदानं मान डोलावली आणि नळ आणखी सोडला.

आई पलंगावर गुडघ्यांवर उभी राहिली, खटका उघडला आणि झडप सर्रकन बाजूला सारली. उरलेलं सगळं पाणी, कोंड्यासकट, तिच्या मांडीवरून गादीवर आलं. अप्पा नळी धरून समोर उभे. मी सवयीनं तांब्या उचलला आणि पुढे केला, कारण तिसऱ्या-चौथ्या शब्दाला ती थांबणार, छाती वाजणार, आणि मग मला बॅग भरायला लागणार. तांब्या तसाच हातात राहिला. बोळात शेजारच्या काकू बाहेर आल्या. अप्पांचं तोंड उघडं पडलं, डोळे भरले, मान खाली गेली, अगदी जुन्या दिवसांसारखी, आणि त्यांनी नळी बंद केली नाही ती नाहीच, कारण आई तोवर सुरू झाली होती:

"अहो बंद करा ती नळी, आठवड्याचं पाणी माझ्या गादीत वतायलाव व्हय, तवाच सांगत हुते ती भोकं पाणी जायला ठिवलीत म्हणून, मिस्त्रीनं मला दावलं हुतं, पण तुमाला जिकडं तिकडं भुंगेरं दिसत्यात, तुमच्या आत्याचीबी हीच खोड, घर बांधलं तवा मोरीचं तोंड बुजवून बसली हुती, आन् तू काय तांब्या धरून हुबारलीस गं, मी न्हाई येत नांदेडला म्हणले तर बापलेकीनं मिळून गोदावरीच हितं आणून सोडली का माझ्या अंगावर!"